विटेवर कोण, रांगेत कोण?

आईवडिलांच्या सेवेत गढलेल्या पुंडलिकाने प्रत्यक्ष देवाला विटेवर ताटकळत ठेवले, ही पंढरीची मूळ कथा. आषाढीला मात्र ताटकळतो तो वारकरी. पहाटेची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांची! १९४७ साली साने गुरुजींनी उपोषणात प्राण पणाला लावले, तेव्हा हे मंदिर दलितांना खुले झाले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३ चा. न्यायालयांच्या फेऱ्यांतून तो सुटायला २०१४ उजाडले. देवापुढच्या उत्पन्नावरची मक्तेदारी इतकी चिवट! ती मोडली ती काय सत्ताधाऱ्यांना मानाची जागा मिळावी म्हणून? रांगेतल्या पहिल्या दांपत्याला पूजेत सामील करून घेतात खरे; मागच्या लाखोंच्या वाट्याला तासन्‌तासांची रांगच. मुख्यमंत्र्यांनी दर्शन अवश्य घ्यावे, पण त्याच रांगेतून.