केमो संपते, मुंग्या उरतात

कर्करोगाच्या उपचारासाठी जिल्ह्याबाहेर जाणे बीडकरांना नवे नाही. कुणी बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय गाठतो, कुणी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, तर कुणी थेट मुंबईचे टाटा. ही पायपीट कमी व्हावी म्हणून केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यांपैकी २०० केंद्रे त्याच वर्षी होणार होती. केमो घराजवळ येत असेल तर ते चांगलेच आहे. मात्र केमोचा एक दुष्परिणाम रुग्णालयाच्या खाटेवर फारसा दिसत नाही. तो घरी, चुलीपुढे आणि शेतात जाणवतो. त्याची दखल कोण घेणार, हे अजून ठरायचे आहे.

केस गळणे आणि उलट्या सगळ्यांना माहीत असतात. चेतातंतूंना होणारी इजा तेवढी माहीत नसते. सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. मुंग्या येतात, आग होते, मग बधिरपणा चढत जातो. हाताच्या बोटांचेही तसेच होते. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतात. शरीरातले सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून पहिला फटका तिथेच बसतो.

सगळी औषधे ही इजा करत नाहीत आणि करणाऱ्यांची तऱ्हाही सारखी नसते. स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे पॅक्लिटॅक्सेल तंतूच्या आतली वाहतूक बिघडवते. पेशीकडून टोकापर्यंत रसद पोहोचत नाही आणि टोक सुकू लागते. सिस्प्लॅटिन मणक्याजवळच्या संवेदी पेशींच्या गाठींवरच घाव घालते. त्यामुळे ते बंद केल्यावरही काही महिने त्रास वाढत राहू शकतो. आतड्याच्या कर्करोगात दिले जाणारे ऑक्सॅलिप्लॅटिन घेतल्यावर थंड पाण्याला हात लावला तरी झिणझिण्या येतात. रक्ताच्या कर्करोगातील व्हिन्क्रिस्टिनने मुंग्यांसोबत बद्धकोष्ठताही होते, कारण आतड्यांच्या नसाही त्याच्या तावडीत सापडतात.

हा त्रास दुर्मीळ नाही. अशी औषधे घेणाऱ्या रुग्णांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केमो संपल्यानंतर पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के रुग्णांना हा त्रास होता, तीन महिन्यांनी ६० टक्के, आणि सहा महिने किंवा त्याहून अधिक काळानंतरही ३० टक्के रुग्णांना तो होताच.

बीडमध्ये याचा अर्थ काय, ते कामाकडे पाहिले की कळते. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता घट्ट धरायला बोटांत जाणीव लागते. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पाय कुठे पडतो हे न पाहता कळावे लागते. बधिर तळव्याला काटा रुतला तरी समजत नाही, चुलीचा चटका उशिरा कळतो आणि जखम चिघळल्यावर लक्षात येते. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. कर्करोगातून वाचलेली बाई ‘बरी झाली’ अशी नोंद होते, पण तिच्या हातून काम होत नाही. जिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचलही जोडीवरच मिळते, तिथे तिचे काम थांबले की घराचा हिशेबच मोडतो.

मग उपाय काय? दुर्दैवाने, ही इजा खात्रीने टाळणारे औषध आज नाही. कर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वेदना असल्यास ड्युलोक्सेटिन हे एकच औषध सुचवण्याजोगे आहे. त्याचाही फायदा माफकच. अॅसिटिल-एल-कार्निटिन हे पूरक तर घेऊच नये, असे त्या सूचना सांगतात, कारण त्याने त्रास वाढल्याचे आढळले आहे. आपल्याकडे मुंग्या आल्या की मेडिकलमधून ‘ताकदीच्या’ गोळ्या आणण्याची सवय आहे. बी-१२ ची कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, शाकाहारी रुग्णांनी तर ती तपासून घ्यावी. पण बी-६ दीर्घकाळ अति प्रमाणात घेतले तर त्यानेच नसा बिघडतात.

म्हणजे खरा बचाव वेळेवर ओळखण्यात आहे. त्रास वाढतोय असे दिसले तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, पुढचा डोस लांबवू शकतात किंवा औषध बदलू शकतात. मात्र त्यासाठी रुग्णाने सांगावे लागते. या त्रासाचे निदान करणारी रक्ततपासणी नाही. उपचार थांबतील या भीतीने अनेक जण गप्प बसतात आणि बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत कुणी विचारत नाही. स्वतःहून केमो बंद करणे जेवढे घातक, तेवढेच हे गप्प राहणेही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत केमोचा खर्च भागतो, पण योजना पॅकेजवर चालते. केमो संपल्यानंतर वर्षभर पायांची तपासणी आणि फिजिओथेरपी सुरू राहायची, तर ती जबाबदारी कुणावर तरी सोपवावी लागेल. जिल्हा रुग्णालयातल्या डे-केअर केंद्रात प्रत्येक डोसआधी परिचारिकेने चार प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल: बटण लावता येते का? चप्पल नकळत पायातून निसटते का? अंधारात तोल जातो का? तळव्यांची आग होऊन झोपमोड होते का? उत्तरे केसपेपरवर लिहिली, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना फरक दिसेल. गावात आशा सेविकेलाही हे प्रश्न शिकवता येतील.

हे प्रश्न विचारायला महागडे यंत्र लागत नाही. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघण्याआधी ते विचारले गेले, तर फडातली एखादी जखम आणि एखादा संसार तरी वाचेल.