जागच्या जागी धावणारी सायकल

सायकल म्हटली की मोकळा रस्ता आणि मागे पडणारी गावे डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे बंद खोलीत, एकाच जागी सायकल चालवणाऱ्या खेळाडूकडे पाहून अनेकांना हसू येते. तासभर पाय मारूनही जो तसूभर पुढे सरकत नाही, तो काय शिकणार, असे त्यांना वाटते. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

या सरावासाठी ‘रोलर’ हे साधन वापरतात. एका चौकटीत आडवे बसवलेले तीन दंडगोल, एवढीच त्याची रचना असते. मागचे चाक दोन दंडगोलांच्या मध्ये आणि पुढचे चाक तिसऱ्यावर टेकते. पट्ट्याच्या जोडणीमुळे दोन्ही चाके एकाच वेळी फिरतात. सायकल मात्र कोठेही बांधलेली नसते. मागचे चाक घट्ट धरून ठेवणारी यंत्रेही मिळतात. त्यांवर खेळाडूला तोलाची चिंता नसते. रोलरवर पायांची लय जरा बिघडली, की पुढचे चाक लगेच भरकटते. म्हणूनच नवशिके भिंतीचा आधार जवळ ठेवून प्रारंभ करतात.

धावपट्टीवरील शर्यतींच्या सायकलींना एकच गिअर असतो आणि ब्रेक नसतात. तेथे वेगवान, तरीही एकसारखी पायगती लागते. त्यामुळे असे सायकलपटू शर्यतीपूर्वी रोलरवर अंग तापवतात. याच क्रीडाप्रकारात, २०१९ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट (ओडर) येथे, भारतीय कुमारांनी सांघिक स्प्रिंटचे जागतिक सुवर्णपदक मिळवले.

या साधनाला मर्यादा आहेतच. समोरून वारा नसल्याने विरोध कमी असतो. चढावर लागणारी ताकद त्यावर फारशी वाढत नाही. घामही लवकर वाळत नाही, म्हणून पंखा आणि पाणी जवळ हवे. वळण, खड्डा आणि शेजारून जाणारे वाहन यांचे भान तर रस्ताच देतो.

तथापि आपल्या शहरांतील रस्ते नवशिक्या सायकलपटूसाठी सुरक्षित राहिलेले नाहीत. पावसाळ्यात सराव खंडित होतो, धोक्यापायी पालक मुलांना रोखतात आणि उमेद मावळते. ज्या शाळा व क्रीडामंडळे सायकलपटू घडवू पाहतात, त्यांनी निदान एक-दोन रोलर बाळगावेत. त्यासाठी मैदान लागत नाही. एक खोली आणि जाणता मार्गदर्शक पुरतो. अंतर कापले गेले नाही, तरी तेथे मुलाचे कौशल्य वाढते आणि रस्त्यावर उतरण्याच्या दिवशी तेच त्याच्या उपयोगी पडते.