फेस, पाते आणि विवेक

छंद म्हटला की तिकिटे, नाणी, बागकाम, संगीत अशी नावे सहज ओठांवर येतात. दाढी करणे हाही छंद होऊ शकतो, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. रोज सकाळी आरशापुढे घाईने उरकायचे ते काम. त्यात रस कसला? तथापि अलीकडे देशोदेशी आणि आपल्याकडेही, ब्रश, साबण आणि दुधारी पाते घेऊन सावकाश दाढी करण्याची जुनी रीत हौसेने जोपासणारे लोक दिसू लागले आहेत. आमच्या परिचयातील पाच मित्रांचे असेच एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी ते एकत्र जमतात, साबणाच्या वड्या एकमेकांना वापरून पाहायला देतात, कोणते पाते कोणाच्या त्वचेला मानवले याची चर्चा करतात आणि पोहे-चहा झाल्यावर आपापल्या घरी जातात.

या हौसेमागचा इतिहास मनोरंजक आहे. वस्तऱ्याला धार लावणे आणि तो गळ्यावरून निर्धोकपणे फिरवणे हे दीर्घ सरावाचे कौशल्य. म्हणून शतकानुशतके बहुतेकांची दाढी नाभिकाच्याच हाती असे. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ, बोथट झाल्यावर टाकून देता येईल अशा पात्याची कल्पना मांडली आणि तेवढे पातळ पोलाद कठीण करण्याचे तंत्र विल्यम निकरसन या अभियंत्याने साध्य केले. १९०३ साली विक्री सुरू झाली, तेव्हा वर्षभरात अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांना ही यंत्रे पुरवण्यात आली आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊनच ते तरुण घरी परतले.

कृती साधी आहे, पण तिला सबुरी लागते. दाढीचा कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाणी मुरले की तो मऊ होतो. ब्रशने साबण घोटून घुसळलेल्या दह्यासारखा दाट फेस करावा. मोठ्या बुडबुड्यांचा पोकळ फेस उपयोगाचा नाही. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांचा कोन करून, केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने, मुळीच दाब न देता फिरवावे. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. केसापेक्षा पोलाद सुमारे ५० पट कठीण असूनही पाते बोथट का होते, याचा शोध मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली घेतला. केस विशिष्ट कोनातून वाकून धारेवर आला की धारेचे सूक्ष्म टवके उडतात, असे त्यांना आढळले.

आपल्या परंपरेत यत्नाचार हा शब्द आहे. चालताना, ठेवताना, उचलताना सावध असणे, हा त्याचा आशय. नळ सोडून न देता मगभर पाण्यात दाढी उरकणे आणि हातातील धारेकडे पूर्ण लक्ष देणे, हीदेखील त्या सावधपणाची घरगुती तालीमच होय.

मात्र या छंदात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आमच्या मित्रमंडळापुढे अनपेक्षितपणे उभा राहिला. एका मित्राच्या मुलाने परदेशातून वडिलांना उंची ब्रश पाठवला. तो बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा निघाला. प्राणी तर आधीच मेला आहे, आता ब्रश वापरला तर काय बिघडले, असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन वाटांनी हिंसा आपल्यापर्यंत पोहोचते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कौतुकाने मिरवलेला ब्रश पुढच्या ब्रशाची मागणीच करतो. मुलाचे प्रेम आणि आपले व्रत यांपैकी एकाला दुखवावे लागणार, या विचाराने मित्र अस्वस्थ झाला. अखेर त्याने मुलाला मोकळेपणाने कळवले. त्यावर रागावण्याऐवजी मुलाने विचारले, “बाबा, साबणाचे काय?”

प्रश्न नेमका होता. अनेक विलायती साबणांत प्राण्यांची चरबी असते. वेष्टनावर ‘सोडियम टॅलोवेट’ असे लिहिलेले असेल तर ती चरबीच समजावी. स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन मात्र वनस्पती तेलापासूनही बनते आणि चरबीपासूनही. तेथे नुसत्या नावावरून उलगडा होत नाही. हिरवा ठिपका किंवा उत्पादकाचे स्पष्ट विधान पाहावे. वनस्पती तेलांचा साबण आपल्याला नवा नाही. आर्देशीर गोदरेज यांनी शंभर वर्षांपूर्वीच मुंबईत असा साबण बनवून दाखवला होता. कृत्रिम तंतूंचे ब्रशही आता इतके मुलायम मिळतात की केसांच्या ब्रशावाचून काही अडत नाही.

दुसरा प्रश्न संग्रहाचा. चेहरा एकच असताना चाळीस साबण आणि दहा यंत्रे कपाटात साठू लागली, तर तो छंद राहत नाही, परिग्रह होतो. आमच्या मित्रांनी त्यावर सोपा उपाय शोधला आहे: नवी वस्तू घ्यायची तर सर्वांत मिळून एक, आणि तीही जुनी संपल्यावर. वापरलेली पाती ते पत्र्याच्या बंद डब्यात साठवतात, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांच्या हातांना इजा होत नाही.

या छंदाचे सर्वांत मोठे फळ मात्र मंडळातील एकाच्या घरी दिसले. त्याच्या वडिलांना कंपवात आहे. हातात यंत्र धरवत नाही. आता मुलगा एक दिवसाआड त्यांची दाढी करतो. औषधांच्या वेळा आणि दवाखान्याची बिले यांपलीकडे पितापुत्रांत संभाषण उरले नव्हते. आता वडील मान किंचित वर करून सांगतात, “डाव्या बाजूला गळ्यावर भोवरा आहे रे, तिथे खालून वर ये.” साठ वर्षे आरशात पाहून झालेली ती ओळख आता मुलाच्या बोटांना झाली आहे.

वाचकहो, या रविवारी आपल्या घरातील साबणाचे वेष्टन एकदा काळजीपूर्वक वाचा. आणि घरात कोणी वडीलधारे थरथरत्या हातांनी दाढी करत असतील, तर कोमट पाण्याचा मग घेऊन त्यांच्याजवळ बसा व त्यांचा भोवरा कोठे आहे ते विचारा.