टोळी जाऊ द्या, पोरं गावात ठेवा

पोळा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून ऊसतोडीच्या मुकादमांच्या मोटारसायकली फिरू लागतात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम ठरते, नवरा-बायकोच्या जोड्या ठरतात, यंदा कुठला कारखाना तेही ठरतं. दसरा होतो, दिवाळी होते न होते तोच ट्रॅक्टर दारात उभा. ट्रॉलीत पत्रे, बाज, चूल, बाजरीचं पोतं, एखादी शेळी, आणि सगळं सामान रचून झालं की त्या ढिगावर पोरं. यंदा ती पोरं त्या ढिगावर बसू नयेत, आणि ती मागे राहतील याची सोय गावाने २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत करावी, एवढ्यासाठी हे आवाहन आहे. टोळ्या निघाल्यावर जे होतं ते फक्त गैरहजरीची नोंद. जे करायचं ते आत्ताच.

मी याच पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली हजेरी आमच्याकडे कशी होते ते ऐका. मी नाव पुकारतो, आणि उरलेला वर्ग एका सुरात उत्तर देतो, "कारखान्याला!" पुढचं नाव, परत "कारखान्याला!" पोरांना त्याची गंमत वाटते. मार्च-एप्रिलमध्ये ती मंडळी परत येतात तेव्हा वर्गाचा भागाकार, अपूर्णांक, जोडाक्षरांचं वाचन सगळं होऊन गेलेलं असतं. पोर गप्प बसतं, जूनमध्ये पुढच्या वर्गात जातं, नोव्हेंबरात पुन्हा ट्रॉलीत. असे चार हंगाम झाले की सहावीतल्या मुलाला तिसरीचा धडा वाचता येत नाही. पटावर त्याचं नाव असतं, म्हणून शाळाबाह्यांत तो सहसा मोजलाही जात नाही.

आता हे बघा. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. संप, बैठका, वाटाघाटी होऊन ती मिळाली. पण ३४ टक्के म्हणजे आपल्या हातात टनामागे नेमके किती रुपये वाढून यायला हवेत, हे फडावरच्या किती जणांना स्वतः काढता येतं? शेकडेवारी सहावीत शिकवतात, आणि बहुतेक ती हिवाळ्यातच येते. उचल किती, फिटली किती, खाडे किती धरले, बाकी किती निघाली, हे सगळं मुकादमाच्या वहीत. ज्याला ती वही वाचता येत नाही तो पुढच्या वर्षी बाकी फेडायला परत त्याच टोळीत जातो, आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा. बापाचा कोयता मुलाच्या हाती येतो त्याला कारण नशीब नाही, त्या हिवाळ्यांमधला बुडालेला भागाकार आहे.

नगरला सावेडीत पालकांसाठी व्याख्यानं होतात. मुलांना जबाबदारी द्या, आपली कामं आपण करू द्या, असं तिथे सांगतात. योग्यच आहे. पण माझ्या वर्गातली नऊ वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे कारखान्याच्या तळावरच्या झोपडीत, काय करते ते कुणी त्या सभागृहात सांगायला हवं. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात. ही उठते, लांबच्या नळावरून हंडा आणते, धाकट्याला झोळीत घालून झोका देते, भाकरी थापते, दुपारी फडावर पोचवते, तिथे उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधू लागते. रात्री गाडी भरायला आई गेली तर लेकरू पुन्हा हिच्याच मांडीवर. जबाबदारीची कमतरता या मुलीच्या आयुष्यात अजिबात नाही. कमतरता आहे ती जबाबदारीच्या बदल्यात काही मिळण्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'रयत'मध्येही मुलं राबत होती, पण ते कमवून शिकण्यासाठी. इथे कमावण्यात शिकणं जातं.

आई-बापांना मी दोष देत नाही, आणि देणाऱ्याने आधी एक रात्र कोपीत काढावी. पोरं कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. मुलगा एक वेळ राहतो आजीपाशी. मुलगी बारा-तेराची झाली की आईच्या पोटात गोळा येतो. मागे ठेवावी तर गावात भीती, सोबत न्यावी तर फडावर भीती. मग तिसरी वाट निघते, ती म्हणजे लग्न. ते उरकलं की काळजी मिटली असं वाटतं, शिवाय उचल मिळते जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याचा अर्धाच. एका लग्नात दोन घरांचा हिशेब बसतो आणि एका मुलीची शाळा संपते. बालविवाहाविरुद्ध भाषणं देण्याआधी गावाने या आईला विचारावं, "बाई, तू पाच महिने निर्धास्त जावंस म्हणून आम्ही काय करू?"

उत्तर फार अवघड नाही. समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहं चालतात. नाव वसतिगृह असलं तरी पोरं गावातच राहतात. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं, दुपारचं शाळेत असतंच. रात्री आजीच्या घरी. यात आजीवरचा मोठा भार उतरतो, कारण गुडघे धरलेल्या म्हातारीला चार नातवंडांच्या दोन्ही वेळच्या भाकरी होत नाहीत; नुसतं जवळ घेऊन झोपणं होतं. अडचण एकच. यादी आणि प्रस्ताव वेळेत गेले नाहीत, तर पोरं गेल्यावर मंजुरी येते, आणि मग कोणासाठी चूल पेटवायची? मोठ्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने राज्य सरकारने २०२१ मध्ये वसतिगृह योजना आणली. एकूण ८२ वसतिगृहं, ४१ तालुक्यांत, प्रत्येकी मुलांचं एक आणि मुलींचं एक. पहिल्या टप्प्याच्या तालुक्यांत आपले पाथर्डी आणि जामखेड होते. तिथे आपल्या गावातली किती मुलं आहेत, हे सरपंचांनी या आठवड्यात विचारून घ्यावं. रान विकावं लागलं तरी विका पण पोरं शिकवा, असं बाबा सांगत, ही आठवण भगवानगडाच्या पंचक्रोशीत घराघरांत आहे. दसऱ्याला गुलाल लावून घेताना तीही आठवली तर बरं.

मुलींसाठी मात्र जेवणापलीकडे काहीतरी लागेल. ज्या घरात फक्त आजी आहे त्या घरांतल्या मुलींची रात्रीची झोप एकत्र, शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात, दोन जबाबदार बायकांच्या सोबतीने करता येईल. बचत गटाच्या बायका हे करू शकतात. गाव हे निभावून नेईल का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी जामखेडकडे बघावं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले आणि त्यांनी गावांनीच निवडलेल्या, बहुतेक शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या बायकांनी बाळंतपणं केली, लेकरांची वजनं घेतली, आणि जातीची चूल ओलांडून त्या घराघरांत शिरल्या. हे काम बघायला पुढे जगभरातून माणसं जामखेडला येत राहिली. त्यापुढे पाच महिने वीस मुलींना सुखरूप झोपवणं हे काय मोठं काम आहे?

जामखेडचंच आणखी एक. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याला ज्यांचं नाव मिळालं त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. गावच्या पाटलाची लेक, लिहायला-वाचायला शिकली. पुढे सासरे मल्हाररावांनी कारभार, हिशेब, पत्रव्यवहार तिच्या हाती सोपवला, म्हणून तिचं कर्तृत्व दिसलं. लग्न तिचंही लहानपणीच झालं होतं. अठराव्या शतकातला तेवढा रिवाज आपण इमानाने पाळतो. शिकवण्याचा आणि कारभार सोपवण्याचा भाग मात्र पाट्या बदलताना राहून गेला.

आता कारखान्यांच्या संचालकांना. आपला जिल्हा विचित्र आहे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचं पाणी, ऊस आणि धुराडी. दक्षिणेला अवर्षण आणि तो ऊस तोडायला जाणारी माणसं. लोणीला १९५० साली सहकारी कारखाना उभा राहिला, पाठोपाठ इतर ठिकाणी राहिले, आणि उसाच्या बळावर शाळा, इंजिनिअरिंग, मेडिकल कॉलेजं निघाली. अभिमान वाटावा असंच काम आहे ते. तुमच्या शाळेच्या बस रोज कोप्यांच्या तळाजवळून जातात. जी पोरं कशानेही मागे राहू शकत नाहीत, त्यांच्यासाठी त्यातली एक बस सकाळी पाच मिनिटं तळावर थांबवा. तळावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांची मोजणी करा आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना यादी द्या. शिक्षणहक्क कायद्याने वयानुसार वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

मुकादमांनाही विनंती आहे. तुम्हीही बहुतेक याच गावांतले. उचल देताना पोरांची नावं विचारा आणि ज्याची पोरं गावात राहणार त्या जोडीला आधी घ्या. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या आमच्या गावच्या मुलांनी सत्काराचे फ्लेक्स यंदा कमी लावावेत आणि त्या पैशांत शाळेसाठी पाच महिन्यांची एक स्वयंपाकीण ठेवावी. सरकारी पैसे उशिरा आले तरी चूल बंद पडणार नाही.

अंगावर पिणारं लेकरू आईबरोबर जाणारच, त्याबद्दल हट्ट नाही. त्याच्यासाठी जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत नाव सांगा. रेशनचं धान्य एकाच कार्डावर काही गावात आजीला, काही तिकडे तुम्हाला उचलता येतं; दुकानदार नाही म्हणाला तर तहसीलला तक्रार करा. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना कळवायला धीर होत नसेल तर १०९८ हा फोन आहे, रात्रीही लागतो.

ग्रामसभेत एकच विषय पहिला घ्या. कोऱ्या वहीत घरवार लिहा. मुलाचं नाव, इयत्ता, आई-बाप कुठल्या कारखान्याला, मागे कोणापाशी राहणार, रात्री कुठे झोपणार. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर सभा उठवू नका. आणि जी पोरं इतकं करूनही जातील, त्यांच्या हाती शाळेतून शिक्षण हमी पत्रक द्या. त्यावर मुलाला काय येतं आणि काय यायचं राहिलंय, हे तिकडच्या शिक्षकाला वाचता येईल असं लिहिलेलं आहे ना, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का आहे ना, हे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आधी बघा.