वहीतील क्रमांक आणि घरातील आठवण



सांबऱ्याच्या शिवारात एखाद्या वृद्धास विचारावे, ‘आजोबा, हे रान आपल्या घराण्याकडे कधीपासून?’ तो वडिलांचे नाव सांगेल, आजोबांचे सांगेल. पणजोबांपाशी मात्र बहुधा अडखळेल. उताऱ्यावर एकर-गुंठ्यांचा हिशेब सापडतो, परंतु ती जमीन मिळविताना कोणी काय सोसले हे तेथे लिहिलेले नसते. घराण्याची आठवण अशी निसटली म्हणजे काय होते, हे समुद्रापलीकडे गेलेल्या मराठी शेतकऱ्यांकडून शिकावे.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे एक लहान बेट आहे. तेथील गुलामगिरी १८३५ साली बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना मजुरांची वाण पडली. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर तेथे गेले. मुंबई बंदरातून जहाजावर चढलेल्यांत रत्नागिरीकडील माणसे पुष्कळ होती. पुरुषास महिना पाच रुपये आणि शिधा, असा तो करार. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. कराराची मुदत संपली तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने अशा मजुरास स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगावा लागे. या जाचाविरुद्ध आडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या युरोपीय मळेवाल्याने १८७१ साली नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या वतीने सरकारकडे अर्ज केला. पुढच्याच वर्षी चौकशीसाठी आयोग नेमला गेला.

पुढे युरोपात बीटाच्या साखरेचे उत्पादन वाढले, उसाच्या साखरेचे भाव उतरले, आणि मळेवाल्यांनी मोठ्या मळ्यांचे तुकडे पाडून विकावयास काढले. पै पै साठविलेल्या मजुरांनी ते तुकडे घेतले. काल दुसऱ्याचा ऊस तोडणारा आज स्वतःच्या उसात उभा राहिला. निपाणी-संकेश्वराकडे ऊस लावणाऱ्या माझ्या बांधवांना त्या आनंदाचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु या वाटेवर एक वस्तू हरवली. बेटावर पोहोचलेल्या प्रत्येक मजुरास एक क्रमांक मिळे. सरकारी वहीत त्याचे जहाज, नाव, पित्याचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण व गाव यांची नोंद होई. कारकून कानाला लागेल तसे नाव लिही. घराण्याचे आडनाव बहुधा गळून पडे, आणि त्या एका माणसाचे किंवा त्याच्या पित्याचे नावच पुढे साऱ्या वंशाचे आडनाव होऊन बसे. आज त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. नातू-पणतू तेथे येऊन आपल्या पूर्वजाचा क्रमांक शोधतात. ज्या घाटावर ही माणसे उतरली, त्या आप्रवासी घाटास २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

वहीतून पूर्वजाची उंची कळते. पण तो का निघाला? कर्जापायी, दुष्काळापायी, की भाऊबंदकीला कंटाळून? मागे कोण रडत राहिले? याचे उत्तर वहीत नाही. ते घरातील वडीलधाऱ्यांच्या ओठी होते, आणि पुष्कळ घरांत त्यांच्याबरोबरच गेले. तरीही सारेच गेले नाही. रत्नागिरीची जाखडी त्या बेटावर ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. जिभेला मराठी परकी झाली तेथेही पायांना ठेका आठवत राहिला.

आपल्यापाशीही वही आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे, आईबापांचे व धर्ममातापित्यांची नावे आढळतात. ती वही सांगाडा देईल. त्यावर मांस चढविणे हे घराचे काम. वाटणीच्या वेळी उतारा सर्वांना आठवतो, पण ज्याने घाम गाळला तो कोणास आठवत नाही, आणि म्हणूनच सख्खे भाऊ बांधावरून कोर्टाची पायरी चढतात.

तेव्हा या आठवड्यात एका संध्याकाळी, जपमाळ आटोपल्यावर, मुलांच्या हाती कोरी वही द्या आणि त्यांना घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी बसवा. आपण कोठून आलो, कोणी विहीर खणली, साथीत कोण दगावले, कोणत्या सुनेने पडत्या काळात घर सावरले, हे विचारून लिहून घ्या. आजीचे माहेरचे नाव विसरू नका. दुःखाची गोष्टही वगळू नका. वृद्धांपाशी वेळ थोडा असतो; हे काम पुढच्या सुगीवर टाकू नका.