आवाज डिफरन्शियलचा, दोष बुशचा

परतवारीच्या एकादशीला नरसी नामदेव येथे पायी येणाऱ्यांबरोबर वाहनांचीही मोठी गर्दी होते. संत नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात असल्याने पंजाबहून नांदेडला येणारे शीख भाविक वर्षभर इकडेही येतात. त्यांच्या गाड्या लांबचा पल्ला मारून आलेल्या असतात. एरवी हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटकडे माल नेणाऱ्या पिकअप, बोलेरो, ट्रॅक्टर हे तर रोजचेच. या सर्व वाहनांवर रस्त्याकाठच्या लहानमोठ्या गॅरेजांचे पोट चालते, आणि या धंद्यात आपले कारागीर बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणूनच या धंद्यातील एका खोडीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे.

प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असेल. गाडीमालक येतो व म्हणतो, "मागून ठक ठक आवाज येतो." कारागीर एक फेरी मारतो आणि निकाल देतो, "डिफरन्शियल गेले." हौसिंग उघडले जाते, क्राऊन-पिनियनचा संच नवा पडतो, बिल हजारोंच्या घरात जाते. चार दिवसांनी गाडी पुन्हा दारात, आवाज तसाच! दोष पाट्याच्या झिजलेल्या रबरी बुशमध्ये होता, किंवा शाफ्टच्या क्रॉसमध्ये. काही रुपयांच्या वस्तूसाठी मालकाचे हजारो गेले आणि कारागिराची पत कायमची गेली.

वास्तविक आवाजच आपला पत्ता सांगत असतो. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलेटर देता-सोडताना एकदाच 'ठक' होत असेल तर कुठेतरी ढिलाई आहे : क्रॉस, शाफ्टचे खाचे किंवा बुश पाहावा. ओढ देताना गुणगुण वाढते व ॲक्सिलेटर सोडताच सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियनचे दात तपासावेत. वेगाबरोबर सतत घरघर वाढत असेल तर संशय बेअरिंगवर. गाडी डावी-उजवीकडे झुकताच घरघर कमी-जास्त झाली तर चाकाचे बेअरिंग. ठराविक वेगालाच थरथर, तर शाफ्टचा तोल. पुढच्या चाकांवर ओढ असलेल्या गाडीत पूर्ण वळणावर कटकट होत असेल, तर ॲक्सलचा जॉइंट. एवढी विचारपूस केल्याविना पाना हातात घेऊच नये.

त्यानंतर हाताची परीक्षा. चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहावा. टॉमीने बुश उचलून पाहावा. रबर पत्र्याच्या कवचापासून सुटले असेल तर ते लगेच उघडे पडते. हौसिंगचे तेल काढून त्यात लोखंडाचा चुरा किंवा दातांचे तुकडे आहेत का हे पाहावे. तेल स्वच्छ असताना, दातांत व बेअरिंगमध्ये खोट दिसत नसताना संच बदलण्याची घाई कशासाठी?

बोलेरो किंवा पिकअपमध्ये मागचे डिफरन्शियल ॲक्सलच्या हौसिंगमध्येच असते. त्याला स्वतंत्र बुश नसतो, त्याचा हिसका पाट्याचे बुश सोसतात. वेगवान मोटारींची गोष्ट निराळी. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत मागचे डिफरन्शियल रबरी बुशांवर टांगलेले असते. चारही चाकांवर चालणाऱ्या फॉर्च्युनरचे पुढचे डिफरन्शियलही तसेच. बोलेरोचे इंजिन २१० न्यूटन-मीटर जोर देते, तर २०२१ पासूनच्या ऑटोमॅटिक डिझेल फॉर्च्युनरचे ५००. हा जोर गिअरबॉक्समध्ये व पुढे डिफरन्शियलमध्ये कित्येक पट वाढतो, आणि डिफरन्शियलचा डबा उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला धरून ठेवणारे फक्त तेवढे रबर. ते फाटले की डबा उसळतो, जॉइंटवर ताण येतो, आणि आतले दात धड असूनही ते गेल्यासारखा आवाज येतो. आपली मुले नांदेड, पुणे, मुंबईच्या गॅरेजांत जातात तेव्हा त्यांच्यापुढे अशाच गाड्या येतात. त्यांनी हे इथूनच शिकून जावे.

बुश बदलण्याचीही रीत आहे. जुना बुश गॅस पेटवून जाळू नये. धूर घातक असतो आणि शेजारच्या भागांना आच लागते. हातोड्याऐवजी प्रेस वापरावा. नवा बुश बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावू नये, त्याने नैसर्गिक रबर फुगते. साबणाचे पाणी पुरते. पाट्याच्या बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते व लवकर फाटते. शौकीन मालक पॉलियुरेथेनचा कडक बुश मागतात. तो टिकतो, पण दातांची गुणगुण थेट आत पोहोचवतो. हे बसवण्याआधी सांगावे, म्हणजे नंतर वाद होत नाही.

आता मूळ मुद्दा. कारागीर नीट तपासत का नाही? कारण तपासणीचे पैसे त्याला कोणी देत नाही. अर्धा तास गाडीखाली झोपून तो "फक्त बुश बदला" म्हणाला तर त्याच्या हाती बुशची मजुरी तेवढी पडते. संच बदलला तर मजुरीही मोठी आणि दुकानदाराचे कमिशनही. म्हणजे खरे बोलणाऱ्याचे नुकसान आणि अंदाजाने सांगणाऱ्याचा फायदा, अशी ही व्यवस्था आहे. ती बदलायची तर तपासणीची मजुरी उघडपणे घेतली पाहिजे.

काहीजण म्हणतील, खेड्यात तपासायचे पैसे कोण देणार? शेजारचा तर फुकट पाहतो. शंका खरी आहे. पण शेजाऱ्याची फुकट तपासणी किती महाग पडते हे गिऱ्हाईकही जाणतो. सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये ठरवावेत, काम आपल्याकडेच केले तर बिलातून वजा करावेत. दोष कागदावर लिहून द्यावा. काढलेला जुना भाग मालकाच्या हातात ठेवावा. या तीन गोष्टींना भांडवल लागत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांकडे यंत्रे आहेत, गणवेश आहे, थंडगार बसायची जागा आहे. आपल्याकडे कान आहेत, हात आहेत आणि गिऱ्हाइकाचा विश्वास आहे. मालक गाडीची किल्ली देऊन निघून जातो, ती अमानतच असते. ती राखली तर परतवारीला आलेला पंजाबचा ड्रायव्हर पुढच्या वर्षी त्याच दारात गाडी उभी करील, आणि सोबत आणखी दोघांना आणील.