दुकानाचा संगणक : उष्णतेला वाट, जिवांना अभय

व्यापाऱ्याच्या पेढीवर वही ही केवळ कागदाची चोपडी नसते. ती पेढीची पत असते. दिवाळीच्या चोपडापूजनात आता लाल वहीशेजारी संगणकही मांडला जातो आणि त्यावरही कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते. परंतु वहीची निगा आणि संगणकाची निगा यांत भेद आहे. वही स्वस्थ पडून राहते. संगणक काम करताना तापतो, आणि ती उष्णता बाहेर गेली नाही तर हिशेब ऐन वेळी अडतो.

हा प्रश्न अलीकडे अधिक जाणवण्यास कारण आहे. विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जुन्या यंत्रांचा मुख्य बोर्ड व प्रोसेसर बदलणे ओघाने आले. काटकसर ही व्यापारी घराची जुनी शिस्त. म्हणून पुष्कळदा कॅबिनेट आणि प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे धातूच्या पात्या व पंखा, जुनाच ठेवला जातो. नेमकी येथेच सावधगिरी हवी.

इंटेलच्या जुन्या आय५-४४६० या प्रोसेसरची उष्णता ८४ वॅट धरलेली होती. त्याच्या जागी येणाऱ्या आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेले असते आणि ग्राहकाला वाटते की नवा कमी तापणार. प्रत्यक्षात ६५ हा पायाभूत आकडा आहे. कामाचा जोर वाढला की तोच प्रोसेसर ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. शिवाय जुन्या कूलरच्या पायांची छिद्रे ७५ मिलिमीटर अंतरावर असत, तर बाराव्या पिढीच्या बोर्डावर ती ७८ मिलिमीटरवर आहेत. तीन मिलिमीटरचा हा फरक दुर्लक्षून जुना कूलर बळेच बसवला, तर तो प्रोसेसरला पूर्ण टेकत नाही. नव्या प्रोसेसरच्या खोक्यात कूलर मिळत असेल तर तोच बसवून घ्यावा. थर्मल पेस्ट ताजी असावी, आणि कूलरच्या तळाला संरक्षक प्लास्टिकचा पापुद्रा असल्यास तो काढला आहे ना, हे समोर उभे राहून पाहावे.

यानंतर विचार करायचा तो गावच्या हवेचा. पंखा आणि पात्या कितीही चांगल्या असल्या तरी प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही. दुकानातील हवा पाच अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच अधिक तापतो. रत्नागिरीत चैत्र-वैशाखाच्या दुपारी हवा ३३-३४ अंशांच्या घरात असते. त्यात रामआळीसारख्या दाट बाजारपेठेतील दुकानात कॅबिनेट गल्ल्याखालच्या बंद कप्प्यात, बिलबुके आणि गठ्ठ्यांमागे कोंबलेले असेल, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहते. आंब्याची अढी घालणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही : गवतात झाकलेली ऊब आत साठते आणि फळ पिकते. प्रोसेसरची मात्र अढी घालायची नसते.

म्हणून खर्चाआधी मापन करावे. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारख्या साधनांनी तापमान दिसते. सकाळी यंत्र रिकामे असताना एकदा, आणि दुपारी हिशेबाचे काम भरात असताना एकदा आकडा टिपावा. रिकामेपणी ४० ते ५० आणि कामात ७० ते ८० अंश दिसल्यास चिंतेचे कारण नाही. आय५-१२४०० ची मर्यादा १०० अंश आहे. मर्यादेजवळ पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्याहीपुढे गेल्यास यंत्र बंद पडते. वेग मंदावला की मालकाला वाटते, नवा संगणकच खराब निघाला. वस्तुतः तो स्वतःला वाचवत असतो.

उपाय साधे आहेत. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच ठेवावे. पुढून हवा आत आणि मागून बाहेर, अशी पंख्यांची दिशा असावी. तरीही आकडा चढाच राहिला, तर जाणकाराकडून बोर्डाच्या सेटिंगमध्ये विजेची मर्यादा ६५ वॅटवर आणून घ्यावी. बिले आणि खतावणीच्या कामात फरक सहसा जाणवत नाही. विदर्भात उपयोगी पडणारा पाण्याचा कूलर कोकणात ठेवू नये. येथील हवा मुळातच दमट, तो ओल वाढवतो. आणि खारी ओल धातूला गंज आणते.

कॅबिनेटचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावण्याची रीत मात्र सोडलेली बरी. त्याने धूळ तर वाढतेच, पण उबेच्या ओढीने आलेल्या मुंग्या, झुरळे, पाली थेट पंख्याच्या पात्यांत आणि विजेच्या भागांत सापडतात. दशवैकालिक सूत्रात साधूसाठी चालणे, बसणे, झोपणे, बोलणे यतनेने करावे असे सांगितले आहे. श्रावकाने तीच दृष्टी यंत्रापर्यंत न्यावी. झाकण बंद ठेवून हवेच्या छिद्रांना बारीक जाळी लावावी. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक, म्हणून सफाई पावसाळ्याआधीच करावी. यंत्र बंद करून, वायर काढून, दिवसाच्या उजेडात झाकण उघडावे. आत जीव दिसल्यास मऊ पूंजणीने अलगद बाहेर घ्यावा आणि मगच धूळ झाडावी. ब्लोअरचा झोत किंवा कीटकनाशकाचा फवारा प्रथम मारू नये. जाळीवरची धूळही दर महिन्याला पुसावी, अन्यथा तीच वाट बंद करते.

पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकाला थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवावा लागतो, कारण तेथे हजारो गणना एकवटलेल्या असतात. दुकानाच्या खतावणीला त्या थाटाची गरज नाही. गरजेपुरता प्रोसेसर, त्याला शोभेल इतकाच कूलर आणि मोकळी हवा, एवढे पुरे. अपरिग्रहाचा अर्थ येथेही लागू पडतो.

मासिक विवरणपत्रांची ११ आणि २० तारीख किंवा ३१ मार्चची संध्याकाळ यंत्राच्या तब्येतीसाठी थांबत नाही. नोंद चालू असताना संगणक अचानक बंद पडला तर हिशेबाची फाइलच बिघडू शकते. म्हणून दुपारचा आकडा महिन्यातून एकदा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा, आणि दुकान वाढवताना हिशेबाची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. आकडा मागच्या महिन्यापेक्षा आठ-दहा अंशांनी चढलेला दिसला, की जाळी आणि पंखा त्याच दिवशी पाहावा.